कपटे खाली पडेनात

“पडा! अरे, पडा खाली!”

नारायणराव सगदेव कागदाच्या कपट्यांवर ओरडत होते. पाटबंधारे खात्यातले हे हेडक्लार्क. त्यांचा आवाज चढला की शिपाई पळत आणि वर्षानुवर्षे रुतलेल्या फायली हलत. कपट्यांवर मात्र काही परिणाम होईना. सिंधू काळमेघच्या आकाशी टेरिलीनच्या साडीला ते घट्ट चिकटून बसले होते. काही पदरावर होते, काही निऱ्यांवर, आणि एक जो होता तो तिच्या कोपराजवळ अर्धा सुटून नुसता थरथरत होता. तालमीला आलेली मंडळी तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

“शोकांतिका आहे ही!” नारायणराव म्हणाले. “शोकांतिकेत नायिका अशी पिसं फुटलेल्या कोंबडीसारखी उभी राहते का?”

“मी काय करू, अण्णा?” सिंधू म्हणाली. “तुम्हीच पाहा ना. झटकले तर हाताले चिकटून राहिले.”

तिने हात झटकला. कपटे साडीवरून निघाले आणि बोटांवर बसले.

ही गोष्ट अकोल्याची, मी तिथल्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचा नवाकोरा डेमॉन्स्ट्रेटर होतो तेव्हाची. आमचं एक हौशी नाट्यमंडळ होतं आणि नारायणराव त्याचे सर्वेसर्वा होते. नाटक लिहायचे ते, बसवायचे ते, आणि प्रयोगाला विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायचेही तेच. अमरावतीला दर हिवाळ्यात हौशी मंडळांची नाट्यस्पर्धा भरे. नारायणराव दर वर्षी नवी शोकांतिका घेऊन तिथे जात आणि नुसतेच सर्वांना भेटून परत येत. उत्तेजनार्थसुद्धा कधी त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. या वर्षीच्या नाटकाचं नाव होतं ‘तुटले ते तुटले’.

त्यात मी नायक होतो. अभिनय येतो म्हणून नव्हे, तर मंडळात अंगाला बसणारा कोट माझा एकट्याचाच होता म्हणून. माझं काम होतं यशवंताचं. ज्या मालतीशी लग्न ठरलंय तिच्याविषयी यशवंताच्या कानात कुणीतरी विष ओततं. शेवटच्या अंकात मालती तापाने फणफणलेली असते, अंगावर लोकरी शाल असते. यशवंत तिच्यासमोर लग्नाची पत्रिका टराटरा फाडतो आणि म्हणतो, “पाहा मालती! तुटले ते तुटले!” मालतीच्या खांद्यावरून शाल गळून पडते. यशवंत ते कपटे तिच्या अंगावर भिरकावतो, कपटे तिच्या पायाशी विखुरतात, आणि तो निघून जातो. मग ती कोसळते आणि पडदा पडतो.

नारायणरावांना स्वतःच्या लेखनात सगळ्यात जास्त अभिमान होता तो या ‘पायाशी विखुरतात’चा. लिहिताना त्यांच्याच डोळ्यांना धार लागली होती, असं ते आम्हांला आठवड्यातून एकदा तरी सांगत. आणि आता मुंबईहून मुद्दाम आणलेली टेरिलीनची साडी पहिल्यांदा नेसवून तालीम घेतली तर हे असं झालेलं.

“उंबरकर!” नारायणराव माझ्याकडे वळले. “तुम्ही शास्त्राचे ना? मग बोला. काय म्हणतं तुमचं शास्त्र?”

“घर्षण आहे, अण्णा. लोकरी शाल टेरिलीनवरून घसरली की साडीवर विद्युतभार साठतो. हवा कोरडी आहे, त्यातून पायात रबरी चपला. भाराला जायला वाट नाही.”

“चपला मीच दिल्यात. पावलांचा आवाज नको म्हणून.”

“म्हणूनच.”

“म्हणजे साडीत करंट आलाय?” नारायणराव दोन पावलं मागे सरकले.

“करंट नाही, अण्णा. वाहत नाही तो. जागच्या जागी बसलेला आहे.”

“मग त्याला उठवा,” नारायणराव म्हणाले. “उद्यापर्यंत इलाज हवा. आणि यांनाही नीट समजावून सांगा, म्हणजे उभं कसं राहायचं ते कळेल यांना.”

‘यांना’ म्हणजे सिंधूला. माझ्या छातीत जे काही झालं त्याला पदार्थविज्ञानात नाव नाही.

सिंधू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मूळची अकोटकडची. नाटकातलं शुद्ध मराठी ती मोत्यासारखं बोले आणि रंगमंचावरून खाली उतरली की लगेच वऱ्हाडीत शिरे. तिचा आवाज असा होता की गावातले काही व्यापारी नंबर पाठ असूनही तो तिलाच विचारत, असं म्हणत. चार महिने आमच्या तालमी चालल्या होत्या आणि त्या चार महिन्यांत मी तिच्याशी नाटकातल्या वाक्यांपलीकडे एक शब्द बोललो नव्हतो. माझा प्रवेश नसला की मी, तालमी होत त्या शाळेच्या हॉलच्या पार कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसे आणि खडूचे तुकडे रचत राही. प्रेम केलं की माणूस धीट होतो म्हणतात. माझं उलट झालं होतं. दिवसेंदिवस माझा बाक आणखी लांब जात होता.

दुसऱ्या दिवशी मी शिकेकाईने केस धुऊन गेलो. तेव्हा मला केस होते. तेलकट केसांवर प्रयोग होत नाही, हे शास्त्रीय कारण झालं. दुसरं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.

सिंधू लवकर आली होती. मी खिशातून कंगवा काढला, खसाखसा केसांतून फिरवला आणि टेबलावरच्या कागदाच्या तुकड्यांवर धरला. तुकडे उड्या मारून कंगव्याला चिकटले.

“बाप्पा!” ती म्हणाली. “द्या बरं मले.”

तिने स्वतःच्या वेणीच्या शेवटावरून कंगवा घासला. तुकडे आले. तिने पुन्हा घासला. पुन्हा आले. मग ती एकदम गंभीर झाली.

“सर, भार दोन प्रकारचा असते म्हणता ना?”

“हो. धन आणि ऋण. सारखे असले की एकमेकांना दूर लोटतात. वेगळे असले की ओढतात.”

“कंगव्यावर एक आला. समजलं. पण कागद तर कशालेच घासला नाही. त्याच्यावर तर काहीच नाही ना? मग तो काहून ओढला जाते?”

माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. मी इतका खूश झालो की लाजायचं विसरून गेलो.

“वरून वाटतं काही नाही. पण कागदाच्या आत दोन्ही प्रकारचे भार असतातच, सारखे सारखे, म्हणून एकमेकांना झाकून टाकतात. कंगवा जवळ आला की आतल्या आत थोडी हालचाल होते. कंगव्याला हवा असलेला भार कंगव्याच्या बाजूला सरकतो, नको असलेला पलीकडे जातो.”

“मग एक बाजू ओढते, दुसरी लोटते. हिशेब तर बरोबरच झाला.”

“नाही होत. कारण ओढणारी बाजू जवळ असते. अंतराला फार महत्त्व आहे, काळमेघबाई. अंतर दुप्पट झालं की जोर निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. म्हणून जे जवळ त्याचाच विजय होतो.”

ती कंगवा हातात फिरवत राहिली.

“म्हणजे कागद वरून कोरा दिसला तरी आत त्याच्या काहीतरी चालूच असते.”

“असतं.”

“अन् अंतर वाढलं की ओढ जाते.”

“जात नाही पूर्ण. पण उपयोगाची राहत नाही.”

“अस्सं.” तिने हॉलच्या पार टोकाच्या बाकाकडे पाहिलं. “मग तुम्ही तिकडे त्या कोपऱ्यात काहून जाऊन बसता, सर?”

मी खोकलो. कंगवा खाली पडला. तो उचलायला मी टेबलाखाली गेलो आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिलो.

वर आलो तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत होती. “नागपूरले बदली मिळून राहिली मले,” ती म्हणाली. “आत्याचं घर आहे तिथे. अर्ज तयार आहे, स्पर्धा झाली की द्यायचा. देऊ का?”

हा प्रश्न तिने मला का विचारला, हे न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. आता बोलायचं नाही तर कधीच नाही, हेही मला कळत होतं. एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. माझ्या तोंडून वाक्य निघालंही, पण ते असं : “तुमची सोय बघा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, टेलिफोनवर पलीकडून आवाजच येत नसला म्हणजे पाहतात तसं.

“हाव,” ती म्हणाली. “सोयच बघायला पाहिजे. बरं, इलाज सांगा आता.”

मी इलाज सांगितला. पाणी. शालीवर आणि साडीवर बारीक पाणी शिंपडलं की ओलाव्यातून भार निघून जातो. “लोकर गरम आणि खडखडीत कोरडी असेल तर मात्र विचारूच नका,” मी म्हणालो. “मग कपटे खरवडून काढावे लागतील.”

“गरम अन् कोरडी,” ती म्हणाली. तिची पाठांतराची सवय मला माहीत होती.

नारायणरावांना इलाज फार पसंत पडला. घरातून त्यांनी चांदीची गुलाबदाणी आणली. लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतात ती, त्यांच्या स्वतःच्या लग्नातली. शेवटच्या प्रवेशाआधी आमचा रंगभूषावाला गोविंदा विंगेत सिंधूवर तिच्यातून पाणी शिंपडी. नारायणराव शेजारी उभे राहून “पाठीवर, पाठीवर!” म्हणत. कपटे आज्ञाधारकपणे पायाशी विखुरू लागले. सिंधू सुरेख कोसळू लागली. मी रोज संध्याकाळी तिच्याशी असलेलं नातं फाडून तिच्या अंगावर फेकत होतो आणि रोज नारायणराव डोळे पुसत म्हणत होते, “उंबरकर, आज जरा मनापासून फाडलीत!”

अमरावतीला आमच्या वाट्याला दुपारचा प्रयोग आला. बाहेर पौषातलं कडक ऊन आणि हवा अशी कोरडी की ओठ तडकत होते. थिएटर निम्म्याहून जास्त भरलं होतं. पहिल्या रांगेत तीन परीक्षक होते. त्यांतला एक पहिल्या अंकापासून डुलक्या घेत होता आणि नारायणराव विंगेतून त्याच्यावर डोळे वटारत होते. दोन अंक बरे गेले. बरे म्हणजे कुणी उठून गेलं नाही.

तिसरा अंक लागला. मला सिंधूच्या नंतर आत जायचं होतं, पलीकडच्या विंगेतून, त्यामुळे तिकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मी कोटाच्या खिशात पत्रिका चाचपत उभा होतो. उद्या निकाल लागला की संध्याकाळच्या गाडीने परत आणि सोमवारी तिचा अर्ज जाणार, एवढंच डोक्यात होतं.

मी आत गेलो. वाक्यं आपोआप येत होती. पत्रिका काढली. फाडली. त्या दिवशी खरंच मनापासून फाडली, कारण मला माझाच फार राग आला होता.

“पाहा मालती! तुटले ते तुटले!”

तिच्या खांद्यावरून शाल घसरली. घसरताना तडतड असा बारीक आवाज आला आणि मी दचकलो. तो आवाज मी ओळखत होतो. पण हात तोवर सुटला होता.

एकही कपटा खाली पडला नाही. सगळेच्या सगळे हवेतून गेले आणि तिला जाऊन चिकटले. पदरावर, छातीवर, दंडावर. तिच्या कपाळावरच्या मोकळ्या बटा उभ्या राहिल्या होत्या. मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्या शेजारचा हसला. विंगेत नारायणरावांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. डुलक्या घेणारा परीक्षक जागा झाला.

आता मी जायचं होतं. मी वळलो.

“थांबा.”

हे वाक्य नाटकात नव्हतं. मी थांबलो. हसणारेही थांबले.

सिंधू स्वतःच्या अंगावरचे कपटे पाहत होती. मग तिने मान वर केली आणि त्या आवाजात, ज्यासाठी अकोल्याचे व्यापारी पाठ असलेले नंबर विचारत, हळूच म्हणाली, “तुटलं म्हणता ना? मग हे खाली का पडत नाहीत?”

डुलक्या घेणारा परीक्षक खुर्चीत पुढे वाकला.

तिने एक कपटा काढला आणि खाली टाकला. तो परत फिरून निऱ्यांना चिकटला. “बघा,” ती म्हणाली. “तुम्ही फाडलीत. वाऱ्यावर फेकलीत. मी धरलेलेसुद्धा नाहीत. आपणहून राहिलेत. आता तुम्ही सांगा, यांना काय सांगू? जा म्हणू?”

“उंबरकर, निघा!” विंगेतून नारायणराव कुजबुजले. त्यांची कुजबुज पहिल्या तीन रांगांना ऐकू जाई. “निघा म्हणतो ना!”

मला वाक्य नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे संहिता नव्हती, कोपऱ्यातला बाक नव्हता आणि टेबलाखाली जायचीही सोय नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. आणि ती मालतीसारखी पाहतच नव्हती. तालमीच्या हॉलमधल्या खिडकीपाशी उभी राहून “देऊ का?” विचारलं होतं तसं पाहत होती.

मी एक पाऊल तिच्याकडे टाकलं. मग आणखी एक. तिच्या दंडावरचा कपटा घ्यायला मी बोट पुढे केलं, तर चटका बसून बारीकशी ठिणगी उडाली. मी “आई गं!” म्हणालो. तिला हसू फुटलं. मलाही फुटलं.

“नका जा म्हणू,” मी म्हणालो. “मीही जात नाही.”

एवढंच. पडदा ओढणाऱ्याला कळेना की आता काय. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणून त्याने घाबरून दोरी सोडली. पडद्यापलीकडे टाळ्या चालूच होत्या. आमच्या मंडळाने असा आवाज तोवर फक्त दुसऱ्यांच्या नाटकांना ऐकला होता.

रंगपटात नारायणराव वाट अडवून उभे होते. “माझी शोकांतिका!” ते म्हणाले. “कोणी शिंपडलं नाही? गोविंदा!”

“मी उभा होतो जी गुलाबदाणी घेऊन,” गोविंदा म्हणाला. “बाई म्हणाल्या, इकडे आणा. टोपण काढलं अन् घटाघटा पिऊन टाकलं सारं पाणी.”

“गुलाबदाणीतलं पाणी प्यायलात?”

“तहान लागली होती, अण्णा,” सिंधू म्हणाली. अंगावरचे कपटे तिने अजून काढले नव्हते.

“आणि शाल शेगडीवर धरून बसल्या होत्या,” गोविंदाने भर घातली. “चहाच्या शेगडीवर. मी म्हणालो, बाई, जळंल.”

“शाल शेगडीवर? भर दुपारी?”

“तापाने आजारी बाई आहे ना मी. थंडी वाजत होती.”

नारायणरावांना काही कळलं नाही. मला कळलं. गरम आणि खडखडीत कोरडी. हा अपघात नव्हता. मी जो इलाज सांगितला होता तो तिने नीट पाठ केला होता आणि बरोबर उलटा वापरला होता. जे मला एका वाक्यात सांगता येईना, त्यासाठी तिने सबंध शोकांतिका मोडली होती.

सकाळी निकाल लागला. लेखनाचं पहिलं पारितोषिक नारायणराव सगदेव यांना. परीक्षकांच्या मते, ‘तुटलेल्या नात्याचे कपटे नायिकेला बिलगून राहतात हा प्रतीकात्मक शेवट’ त्या वर्षीच्या स्पर्धेतला सर्वांत धाडसी शेवट होता. डुलक्या घेणाऱ्या परीक्षकाने तर विचारलं की हे तंत्र कसं साधलं. नारायणराव व्यासपीठावर गेले, चषक घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, “खरं सांगायचं तर या शेवटासाठी मला फार झगडावं लागलं.” यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढे दहा मिनिटं ते प्रतीक या विषयावर बोलले.

मी आणि सिंधू बाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो. तिने पर्स बाकावर ठेवली.

“सर, तो अर्ज अजून आहे माझ्यापाशी,” ती म्हणाली. “उद्या सोमवार आहे.”

आता माझ्यापुढे प्रेक्षक नव्हते, त्यामुळे धीरही नव्हता. मी चहाचा घोट घेतला. जीभ भाजली.

“काळमेघबाई,” मी म्हणालो, “नागपूर फार लांब आहे.”

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं, पुढे काही बोलणं अपेक्षित आहे. मी चहाचा आणखी एक घोट घेतला.

“एवढंच?” ती म्हणाली. “एवढ्याले चार महिने लागले?”

“अंतर दुप्पट झालं की—”

“हाव, हाव. चतुर्थांश.” ती इतकी हसली की टपरीवाला वळून पाहू लागला. “राहू द्या सर, बाकीचं मी समजून घेतो.” तिच्या भागात बायका असंच ‘घेतो’ म्हणतात. तो अर्ज तिने फाडला नाही, घडी करून टपरीच्या डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारला. बाक स्थिर झाला. मग आम्ही दोघं त्यावर बसलो, एकाच टोकाला.

वैशाखात अकोटला आमचं लग्न झालं. मांडवाच्या दारात चांदीची गुलाबदाणी घेऊन नारायणराव स्वतः उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं, मान त्यांनी आपण होऊन घेतला होता. येणाऱ्या प्रत्येकावर ते गुलाबपाणी शिंपडत होते; व्याह्यांवर, वऱ्हाडावर, पोराटोरांवर, अगदी बँडवाल्यांवरसुद्धा. लग्न लागलं, आणि आम्ही दोघं उपरण्याच्या गाठीने बांधलेले त्यांच्या पाया पडायला गेलो. सिंधूने सवयीने पाण्यासाठी मान वाकवली.

नारायणरावांनी गुलाबदाणी झटकन पाठीमागे लपवली.

“छे!” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, लिहिताना येत तसेच. “तुमच्यावर थेंबसुद्धा नाही. गोविंदा, यांच्यापासून पाणी लांब ठेव रे!”